गोल विणकामाची मशीन : आधी शौक, धंद्याचे नंतर पाहू

आपल्या व्यापारी आणि कारागीर समाजाची एक जुनी सवय आहे. घरात कोणी नवे हुनर शिकू लागले की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यातून महिन्याला सुटणार किती?" हा प्रश्न वाईट नाही. हलाल रोजीची चिंता करणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु प्रत्येक हुनराला पहिल्याच दिवशी तराजूत घातले तर ते हुनर रुजत नाही आणि पैसाही येत नाही, हे मी अनुभवाने शिकलो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या सुनेने ४८ सुयांची एक लहान प्लास्टिकची मशीन घरी आणली. गोल डब्यासारखी असते. बाजूचे हँडल फिरवले की सुयांचे कडे फिरते आणि लोकरीची नळी विणली जाऊन खाली उतरत राहते. मीही सवयीने विचारले, "टोप्या विकल्या जातील का?" ती म्हणाली, "अब्बा, अजून माझे टाके सुटताहेत. आधी शिकू तर द्या!" मी गप्प झालो, पण बोलणे मनाला लागले.

आपण मागवाले लोक. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील आपल्या कितीतरी घरांचा संसार यंत्रमागावर चालला. उर्दूत 'बुनना' आणि मराठीत 'विणणे' हा एकच शब्द मागालाही आहे आणि सुयांनाही. त्यामुळे आपल्याला वाटते की दोन्ही कामे एकच. प्रत्यक्षात ती फार वेगळी आहेत. मागावर ताणा आणि बाणा असे दोन धागे एकमेकांना काटकोनात छेदतात. सुयांच्या विणकामात एकच धागा असतो. त्याचा फासा होतो आणि त्या फाशातून दुसरा फासा ओढला जातो. म्हणूनच मागावरचे साधे सुती कापड फारसे ताणत नाही आणि बनियन ताणते.

या कलेशी आपले नातेही जुने आहे. इजिप्तमध्ये मुस्लिम राजवटीच्या काळातील निळ्या-पांढऱ्या सुताचे विणलेले मोजे सापडले आहेत. स्पेनमधील बुर्गोस शहराच्या लास वेल्गास मठात, १२७५ साली वारलेल्या फर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या कबरीत एक विणलेली उशी मिळाली. तिच्या काठावर अरबी अक्षरांत 'बरकत' या अर्थाचा शब्द पुन्हा पुन्हा विणलेला आहे. ती मुस्लिम कारागिरांच्या हातची असावी, असे अभ्यासक मानतात. मशीन नंतर आली. विल्यम ली या इंग्रजाने १५८९ साली मोजे विणण्याची चौकट बनविली. १८१६ साली मार्क ब्रुनेल याने गोल मशीनचे पेटंट घेतले. आज तिरुपूरच्या कारखान्यांतून बनियन आणि टी-शर्टचे कापड ज्या मोठ्या मशीनवर निघते, ती याच घराण्यातील.

आता लहान मशीनविषयी काही गोष्टी सांगतो, कारण अनेकांचा शौक पहिल्या आठवड्यातच मरतो.

पहिल्या फेरीत लोकर एका सुईच्या आकड्यात आणि पुढच्या सुईच्या मागून, अशी एकाआड एक घालावी लागते. सुरुवात टाकाऊ, वेगळ्या रंगाच्या लोकरीने करावी आणि पाच-सात फेऱ्यांनंतर खरी लोकर जोडावी. म्हणजे शेवटी टाकाऊ लोकर उसवून पहिले टाके मोकळे मिळतात. हँडल सावकाश, एका लयीत फिरवावे. घाई केली की सुई धागा उचलत नाही आणि टाका सुटतो. सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने वर उचलता येतो. त्यासाठी सगळे उसवण्याची गरज नाही. १०० ते १२० फेऱ्यांची नळी विणून दोन्ही तोंडे धागा ओवून आवळली आणि एक टोक दुसऱ्यात ढकलले की दुहेरी, उबदार कानटोपी तयार होते. नमाजची जाळीदार टोपी मात्र या मशीनवर होत नाही. ती क्रोशाचीच. आपल्या आया-बहिणींच्या हातातील ते हुनर मशीन आली म्हणून टाकून देऊ नये.

मागवाल्या बंधूंना वाटेल, आपल्याकडे कोनावर उरलेले सूत पडून असते, तेच लावू. मीही लावून पाहिले. ४० नंबरचे सूत म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या ४० लडी, इतके ते बारीक. या मशीनला लागणाऱ्या जाडीसाठी त्याचे २५-३० धागे एकत्र धरावे लागतात. शिवाय सुताला लोकरीसारखी लवचिकता नसते, सुया अडतात आणि धागा जरा ओढला गेला की टाके सुटतात. शिकताना मध्यम जाडीची, पीळ दिलेली अ‍ॅक्रिलिक लोकरच बरी.

पण त्या फसलेल्या प्रयोगाने मला एक धडा दिला. माझी नळी सरळ न उतरता तिरकी उतरली. सगळे धागे एकेरी आणि एकाच दिशेच्या पिळाचे होते. तो पीळ सुटू पाहतो आणि टाक्यांना एका बाजूला ओढतो. तेव्हा लक्षात आले की धुतल्यावर टी-शर्टची बाजूची शिवण पोटावर येते ती का. मी कित्येक वर्षे असा माल परत घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणत होतो, "तुम्ही पिळून वाळत घातला असेल." दोष सुताच्या पिळात आणि विणण्यात होता, ठपका मी गिऱ्हाइकावर ठेवत होतो. ३० वर्षे कापड विकून जे कळले नाही, ते एका खेळण्यासारख्या मशीनने शिकविले. मालातील दोष सांगून विकावा, ही आपल्या दीनची शिकवण आहे. पण दोष ओळखताच येत नसेल तर सांगणार काय?

आता इशाऱ्याची गोष्ट. "मशीन आमच्याकडून घ्या, घरी माल बनवा, आम्ही विकत घेऊ" अशा योजना गल्लोगल्ली येतात. आमच्या ओळखीच्या एका विधवा भगिनीने बांगड्या मोडून अशी मशीन घेतली. पहिला माल घेतला गेला. दुसऱ्यापासून "टाके सैल आहेत" म्हणून परत येऊ लागला. हा डाव नवा नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकात मोजे विणण्याच्या हातमशीन याच आश्वासनावर घरोघर विकल्या गेल्या आणि त्यात अट होती की, कसोटीला उतरतील तेच मोजे घेतले जातील. ज्याला हुनर येत नाही त्याच्या हाती मशीन दिली आणि कसोटी विकणाऱ्याने स्वतःच्या हाती ठेवली, तर नफा कोणाचा होईल हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. त्या भगिनीने आधी कोणाकडे बसून दोन महिने शौकाने हात चालवला असता, तर तिला स्वतःलाच कळले असते की एका दिवसात किती माल निघतो, लोकर किती लागते आणि हा भाव परवडतो की नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. घरातील मुलगी, सून किंवा कामातून निवृत्त झालेले वडील हे शिकू पाहत असतील तर त्यांना शिकू द्या. कर्ज काढून नव्हे, दागिने मोडून तर मुळीच नव्हे. एक लहान मशीन दोन-तीन घरांनी मिळून घ्यावी. पहिल्या दहा टोप्या बिघडतील, अकरावी नातवाच्या डोक्यावर घालावी. पुढे हात बसला आणि गिऱ्हाईक स्वतः चालत आले तर धंद्याचा विचार जरूर करावा.

कुरआनात हजरत दाऊद (अलै.) यांना चिलखत बनविण्याची कला शिकविल्याचा उल्लेख आहे आणि त्याच्या कड्या योग्य मापाने जोडण्याची ताकीदही आहे. कडीत कडी नीट बसवणे हे सबुरीचे काम आहे. विणकामही तेच आहे. हात जे काम प्रेमाने शिकतो, त्यात इन्शाअल्लाह बरकतही येते. फक्त पहिल्याच दिवशी तिचा हिशेब मागू नये.