एक आकडा म्हणजे निकाल नव्हे



व्हर्निअर कॅलिपर हाती घेतला, की आधी शून्य त्रुटी पाहा, असे आम्ही अध्यापक बजावतो. रक्ततपासणीचा कागद हाती आला, की मात्र ही सावधगिरी आपण पार विसरतो. मी पदार्थविज्ञान शिकवतो, वैद्यक नव्हे. पण मोजमाप हा आमचाच प्रांत, म्हणून हे चार शब्द.

लहान मुलांचा एक आजार घेऊ. हेनॉख-शॉनलाइन पर्प्युरा हे त्याचे जुने नाव; आता त्याला आयजीए रक्तवाहिनीदाह म्हणतात. आयजीए नावाची प्रतिपिंडे बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचतात आणि तेथे दाह होतो. पायांवर हाताला लागणारे जांभळट ठिपके उमटतात, सांधे व पोट दुखते. बहुतेक मुले काही आठवड्यांत बरी होतात. परंतु सुमारे एक तृतीयांश मुलांच्या मूत्रपिंडांनाही झळ पोचते. ती बहुधा सौम्य असते, क्वचित गंभीर. आणि ठिपके मावळल्यानंतरही ती सुरू होऊ शकते.

इजा किती झाली, हे रक्त सांगेल का? नेहमी पाहतात ते क्रिएटिनिन. ते स्नायूंत तयार होते आणि मूत्रपिंडे ते गाळून बाहेर टाकतात. गाळणी बिघडली, की ते रक्तात साचते. तर्क सरळ आहे. पण लहान मुलाचे स्नायूच कमी, म्हणून त्याचे क्रिएटिनिनही मुळात कमी. मग मोठ्या माणसांची मर्यादा त्याला कशी लागू पडावी?

यासाठी श्वार्ट्झ यांनी १९७६ मध्ये उंची हिशेबात घेणारे सूत्र मांडले. २००९ मधील त्याचे सुधारित रूप असे: ०.४१३ गुणिले उंची (सेंटिमीटर), भागिले क्रिएटिनिन (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). वही घ्या आणि करून पाहा. क्रिएटिनिन ०.७ आणि उंची १६५, तर गाळण्याचा वेग सुमारे ९७. क्रिएटिनिन तेच, पण उंची ११०, तर अवघा ६५! दोन वर्षांवरील निरोगी मुलात तो साधारण ९० च्या वर असतो. म्हणजे कागदावरचा आकडा एकच. एक मूल ठीक, दुसरे धोक्यात.

रक्तातील इतर खुणांचाही शोध चालू आहे. आयजीएचे प्रमाण, न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर, अशा कित्येक. मूत्रपिंडे बिघडलेल्या गटाची सरासरी वेगळी निघाली, की आशा वाटते. पण जरा थांबा. आठवीच्या वर्गाची सरासरी उंची सातवीपेक्षा जास्त असते. म्हणून केवळ उंचीवरून एखादा मुलगा कोणत्या वर्गातला, हे छातीठोकपणे सांगता येईल काय? गटाबद्दलचे सत्य एकट्या मुलाचे भविष्य ठरत नाही.

रक्ततपासणी निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. पण ‘ठिपके गेले, रक्तही नॉर्मल आले’ म्हणून लघवीची तपासणी थांबवणे ही घोडचूक आहे. लघवीतील प्रथिने व रक्त हीच मूत्रपिंडाच्या इजेची पहिली खूण. ती तपासणी स्वस्त आहे. रक्तदाबासह ती निदान सहा महिने डॉक्टरांच्या सल्ल्याने करत राहावी लागते. गंभीर शंका आली, तर मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा तपासूनच इजेची प्रत ठरते.

शिक्षक बंधुभगिनींनो, वरचे सूत्र एकदा वर्गात फळ्यावर मांडाच. आणि मित्रांनो, कोणताही आकडा समोर आला, की तीन प्रश्न विचारा: हा कशाचा? कोणासाठी? यात चूक किती असू शकेल? हे प्रश्न विचारण्याची सवय परीक्षेतील गुणांहून मोलाची आहे. कधीतरी ती घरातल्या धाकट्या भावंडाच्या उपयोगी पडेल.