रविवारचा केक आणि गावरान अंडी

आपल्याकडे केक हा पदार्थ खाण्यापेक्षा कापण्यासाठी आणला जातो. मेणबत्त्या, टाळ्या, फोटो आणि उत्सवमूर्तीच्या नाकाला फासलेले क्रीम एवढे सोपस्कार उरकले, की उरलेला अर्धा केक फ्रीजमध्ये जातो. तिसऱ्या दिवशी तो कुणाला द्यावा याची चर्चा घरात सुरू होते. एवढा महाग पदार्थ आणि एवढी कमी भूक, असा योग दुसऱ्या कुठल्याही खाण्याच्या नशिबी आलेला मला आठवत नाही.

माझे म्हणणे अगदी साधे आहे. ज्या घरात अंडे चालते, त्या घरात एखाद्या रविवारी दुपारी, कुणाचाही वाढदिवस नसताना, एक साधा केक भाजला जावा. त्यावर आइसिंग नसावे, कुणाचे नाव नसावे. मात्र त्यातली अंडी गावरान असावीत, आणि ती कुणाच्या अंगणातून आली हे घेणाऱ्याला ठाऊक असावे. यातला पहिला भाग जिभेचा आहे, दुसरा थोडासा विवेकाचा. दोन्हींची सांगड एकाच भांड्यात घालता येते, म्हणून हा लेखनप्रपंच.

भट्टीत भाजणे हे आपले नव्हेच, आपण तळणारे आणि उकडणारे लोक, असे कुणी म्हणेल. ते खरे नाही. दिवाळीच्या आधी पत्र्याच्या ट्रेमध्ये नानकटाईचे गोळे मांडून ते बेकरीच्या भट्टीवर नेण्याची पद्धत अनेक गावांत होती. पीठ, तूप, साखर घरची, भट्टी बेकरीवाल्याची. ट्रेची अदलाबदल होऊ नये म्हणून कुणी नानकटाईवर चारोळी लावी, कुणी बदामाचा काप. पुढे गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला विजेचा ओव्हन घरोघर आला. ज्यांना तो परवडत नव्हता, त्यांनी जुन्या पातेल्यात वाळू तापवून तिच्यावर केकचे भांडे ठेवले आणि काम भागवले. वसईच्या ख्रिस्ती घरांत आणि गोव्यात तर नाताळ ओव्हनशिवाय होतच नाही. रवा, ओले खोबरे आणि अंडी घालून केलेला गोव्याचा बाथ ज्याने खाल्ला आहे, त्याला केकसाठी क्रीमची गरज नसते हे निराळे सांगावे लागत नाही.

अंडे मात्र सगळ्या घरांत सरळ दाराने आले नाही. कित्येक घरांत ते केकच्या पोटात लपून आले. आमच्याकडे आजीच्या हयातीत अंड्याला स्वयंपाकघरात मज्जाव होता. मागच्या पडवीत एक स्टोव्ह, एक वेगळे पातेले आणि एक वेगळा चमचा, एवढाच त्याचा संसार. ऑम्लेटच्या वासाने आजीचे डोके दुखे. केक कशाचा केला हे मात्र ती कधीच विचारत नसे. विचारले तर उत्तर मिळेल आणि उत्तर मिळाले तर केक सोडावा लागेल, एवढे तिला चांगले कळत होते. त्या पिढीचा प्रश्न ‘अंडे चालते की नाही’ एवढाच होता. आपल्या पिढीने ‘कसले अंडे चालते’ असा प्रश्न विचारायला हवा.

तो का, हे समजण्यासाठी दोन-चार आकडे पाहू. १९५०-५१ साली देशात वर्षाला सुमारे १८३ कोटी अंडी होत. २०२३-२४ मध्ये ही संख्या १४ हजार २०० कोटींच्या पुढे गेली. माणशी हिशेब केला तर वर्षाला पाच अंड्यांवरून आपण शंभरावर आलो. १९८२ साली नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी स्थापन झाली आणि अंड्याची जाहिरात दूरदर्शनवरून घराघरांत पोचली. या वाढीला नाक मुरडणे मला मान्य नाही. चांगली प्रथिने इतक्या स्वस्तात देणारा दुसरा पदार्थ चटकन सापडत नाही, आणि ज्या घरात दूध मोजून येते त्या घरातल्या मुलाला उकडलेले अंडे मिळते ते या स्वस्ताईमुळेच.

पण स्वस्ताईची किंमत कुणीतरी मोजतच असते. इथे ती कोंबडी मोजते. पिंजऱ्यातल्या एका कोंबडीला ४५० चौरस सेंटीमीटर जागा, हा आपल्याकडचा वर्षानुवर्षांचा हिशेब. मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टचा एक ए-फोर कागद घ्या. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६२४ चौरस सेंटीमीटर भरते. त्याचा पाव भाग दुमडून जेवढा उरतो, त्याहूनही थोड्या कमी जागेत त्या कोंबडीने वर्षभर किंवा अधिक काळ उभे राहायचे आणि तीनशेच्या वर अंडी द्यायची. तिथे पंख पसरता येत नाहीत, मातीत लोळता येत नाही, अंडे घालायला आडोसा शोधता येत नाही. अंगणातली कोंबडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना माहीत आहे की तिचा दिवस उकरण्यात, लोळण्यात आणि आडोसे धुंडाळण्यातच जातो. युरोपीय संघाने असे जुन्या पद्धतीचे पिंजरे २०१२ पासून बंद केले. आपल्याकडे २०२३ साली केंद्र सरकारने नियम केले आणि कोंबडीमागे किमान ५५० चौरस सेंटीमीटर जागा ठरवली. म्हणजे कोंबडीची प्रगती झाली खरी, पण ती अजून एका कागदाएवढीही नाही.

आता गावरान अंड्याविषयी. त्याच्या भक्तांनी त्याला जवळजवळ औषध करून ठेवले आहे, आणि ते मला पटत नाही. अंड्याचे कवच तांबूस असणे हा कोंबडीच्या जातीचा गुण आहे. पिंजऱ्यातल्या काही जातीही तांबूस अंडी देतात. बलक गडद असतो तो खाद्यामुळे. हिरवा पाला आणि मका खाल्लेल्या कोंबडीचा बलक केशरी होतो, आणि खाद्यात रंगद्रव्य मिसळले तर पिंजऱ्यातलीचाही होतो. प्रथिनांच्या बाबतीत दोन्ही अंडी साधारण सारखीच. शिवाय गावरान अंडे स्वच्छ असतेच असेही नाही. त्यावर माती असते, विष्ठा असते. वापरण्यापूर्वी ते धुवावे आणि नीट शिजवूनच खावे. केकचे कच्चे मिश्रण बोटाने चाटण्याचा बालहट्ट त्या दिवसापुरता मोडून काढावा.

मग गावरान अंड्याला दुप्पट-तिप्पट पैसे का द्यावेत? एक कारण म्हणजे ती कोंबडी कोंबडीसारखी जगलेली असते. दुसरे कारण म्हणजे त्या अंड्याचे पैसे बहुधा एका बाईच्या हाती पडतात. शेताचा पैसा घरच्या पुरुषाच्या नावावर येतो, दुधाचा पैसा डेअरीच्या खात्यावर येतो. अंड्याचा पैसा मात्र तिच्या कनवटीला जातो. वही, पेन्सिल, एस.टी.चे भाडे, कधी डॉक्टरची फी, असल्या खर्चांना तो उपयोगी पडतो. दहा-बारा कोंबड्या, एक खुराडे आणि रात्री झाकायला एक डालगे एवढ्या भांडवलावर चालणारा हा धंदा आहे, आणि त्याला जोखीम थोडीथोडकी नाही. मुंगूस आहे, घार आहे, मानमोडीची साथ आहे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा पोल्ट्रीवाल्यांच्या नुकसानीचे आकडे वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून आले. रोगाला आळा घालण्यासाठी आसपासच्या अंगणांतल्या कोंबड्याही माराव्या लागल्या, त्यांची बातमी मात्र दोन ओळींच्या पलीकडे गेली नाही.

खरे गावरान अंडे ओळखावे कसे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. चहाच्या पाण्यात बुडवून रंगवलेली अंडीही बाजारात येतात, तेव्हा रंगावर विसंबू नये. मी आकारावर आणि हंगामावर विश्वास ठेवते. गावरान अंडी एकसारखी नसतात. एक लिंबाएवढे, दुसरे थोडे लांबट. आणि ती बारा महिने मागाल तेवढी मिळत नाहीत. देशी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते. दहा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक बसते, आणि मग एकवीस दिवस उबवणी आणि पुढे पिलांमागे हिंडणे. आमच्या साताऱ्याच्या बाजारात भाताच्या तुसात अंडी घेऊन बसणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांनी मला एकदा सरळ परत पाठवले. “आता न्हाईत ताई, दोघी खुडूक बसल्यात, तिसरीचा काय नेम न्हाई. गौरी-गणपती झाल्यावर या.” माझ्या दृष्टीने हे वाक्य कुठल्याही शिक्क्यापेक्षा मोठे प्रमाणपत्र आहे. ज्याच्याकडे वर्षभर एकाच मापाची ‘गावरान’ अंडी तीसच्या ट्रेमध्ये भरलेली असतात, त्याच्याकडे एक तर कोंबड्या फार शहाण्या असाव्यात किंवा तो स्वतः.

या लहानमोठ्या आकाराची केकमध्ये एक अडचण होते. छापील कृतीत ‘चार अंडी’ लिहिलेले असते. ती पोल्ट्रीची असतात, एकेक साधारण ५५ ग्रॅमचे. गावरान अंडे ४० ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे चार अंड्यांमागे एका अख्ख्या अंड्याएवढी तूट. मैदा मात्र तेवढाच पडतो, आणि केक कोरडा होऊन माथ्यावर फुटतो. मग दोष गावरान अंड्याला.

यावरचा उपाय जुना आहे आणि तराजूएवढा सोपा आहे. अंडी कवचासकट एका पारड्यात ठेवावीत. दुसऱ्या पारड्यात त्यांच्या वजनाइतका मैदा, मग तितकीच साखर, मग तितकेच लोणी. चार अंडी १६० ग्रॅम भरली, तर प्रत्येक जिन्नस १६० ग्रॅम. वाटी नको, कप नको, इंटरनेटवरच्या कृतीतले परदेशी मापही नको.

लोणी घरचे असेल तर त्यातले पाणी नीट काढून टाकावे. साखर मिक्सरमधून जराशीच फिरवावी, अगदी पीठ करू नये. साखरेचे बारीक कण लोण्यात हवा कोंडतात. बेकिंग पावडर नवी हवा निर्माण करते असे आपण समजतो, पण तिचा वायू बराचसा या कोंडलेल्या बुडबुड्यांनाच फुगवतो. म्हणून लोणी-साखर पांढरीशुभ्र आणि हलकी होईपर्यंत फेसावी. त्यात घाई नको. अंडी फ्रीजमधली थंड नसावीत, नाहीतर मिश्रण फाटते. फाटलेच तर चमचाभर मैदा घालावा, ते सावरते. प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडून पाहावे, कारण अंगणातल्या अंड्याची तारीख कवचावर छापलेली नसते. शंका असेल तर फोडण्यापूर्वी ते पाण्यात सोडावे. तळाशी आडवे पडले तर ताजे, वर तरंगले तर टाकून द्यावे. मैद्यात चहाचा एक चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ घालून तो दोनदा चाळावा आणि हलक्या हाताने मिसळावा. वेलची किंवा जायफळ पुरे. तूप लावलेल्या सहा-सात इंची भांड्यात, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये, १८० अंशांवर पस्तीस ते चाळीस मिनिटे. वाळूच्या पातेल्यात मंद आचेवर याहून थोडा अधिक वेळ लागतो. मध्यभागी विणायची सुई खुपसावी. कोरडी निघाली की केक झाला.

यावर आक्षेप येणार, तोही मला मान्य आहे. एकशे चाळीस कोटींच्या वर लोकांना गावरान अंडी पुरणार नाहीत. अगदी बरोबर. ज्याला स्वस्त अंड्याची गरज आहे त्याला ते मिळालेच पाहिजे, आणि त्याच्यापुढे कोंबडीच्या दुःखाचे पाल्हाळ लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. मी बोलते आहे ते आइसिंगच्या केकवर विचार न करता पैसे टाकणाऱ्या घरांशी, म्हणजे माझ्या-तुमच्यासारख्या घरांशी. चार गावरान अंड्यांना जो जास्तीचा खर्च येतो, तो त्या विकतच्या केकच्या डब्यावरच्या रिबिनीसारखाच आपल्याला जाणवत नाही. महिन्याला अंडी थोडी कमी घ्यावीत, पण ज्यांचा ठावठिकाणा माहीत आहे अशी घ्यावीत. गावरानच हवीत असे नाही. गावाजवळ कुणी वनराज, गिरिराज यांसारख्या परसातल्या जाती मोकळ्या सोडून पाळत असेल, तर त्याचीही घ्यावीत. कोंबडीला माती मिळाली पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे.

तेव्हा या आठवड्यात बाजारात गेलात, की अंड्याचा भाव विचारण्याआधी एक प्रश्न विचारा, ‘मावशी, कोंबड्या किती हो तुमच्या?’ जिच्या घरी खरोखर कोंबड्या आहेत ती नुसता आकडा सांगून थांबत नाही. तुरेवाली कोणती, चोचीने मारणारी कोणती, मुंगसाने गेल्या महिन्यात कोणती नेली, हे सगळे ऐकून घ्यावे लागते. तेवढा वेळ हाताशी ठेवूनच निघा. मुलांनाही बरोबर न्या.