मुळी म्हणून घोरपड विकणाऱ्यांना जाब कोण विचारणार?

रात्री रील्स चाळताना ‘हत्था जोडी’ची जाहिरात तुमच्यापैकी काहींच्या समोर नक्की आली असेल. शेंदूर फासलेली, दोन हात जोडल्यासारखी दिसणारी काळपट मुळी. सोबत नेहमीची हमी : घरात ठेवा, पैसा टिकेल, कोर्टातली केस जिंकाल, परीक्षेत यश मिळेल. भरतीची किंवा एमपीएससीची तयारी करणाऱ्याला दोन-तीन अपयशांनंतर असली हमी गोड वाटते. ‘घेऊन तर बघू, जातंय काय’ असं वाटून जातं.

जातंय बरंच काही. कारण ती मुळी नाहीच. ते नर घोरपडीचं कापून वाळवलेलं जननेंद्रिय आहे. निसर्गतःच ते जोडीनं असतं, म्हणून वाळल्यावर जोडलेल्या हातांसारखं दिसतं. वर्ल्ड अ‍ॅनिमल प्रोटेक्शन ही संस्था आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातले संशोधक यांनी २०१७ मध्ये हा व्यापार जगासमोर आणला. मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांवर ‘दुर्मिळ मुळी’ म्हणून हा माल उघड विकला जात होता. प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि मुळीचं बिंग फुटलं.

घोरपड आपल्याला काही परकी नाही. तानाजी आणि सिंहगडाच्या गोष्टीत आपण तिला लहानपणीच भेटलो. शेताच्या बांधावर, नाल्याच्या कडेला ती दिसते. किडे आणि उंदीर खाते, म्हणजे शेतकऱ्याचंच काम करते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तिचं नाव आहे. वाघाला जे संरक्षण, तेच घोरपडीला. तिची शिकार किंवा तिच्या अवयवांचा व्यापार केला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद होऊ शकते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान दंड पंचवीस हजार रुपये झाला आहे.

आता नीट वाचा, कारण इथे तुमचा संबंध येतो. याच कायद्याच्या कलम ५७ नुसार असा अवयव एखाद्याकडे सापडला, की तो बेकायदा बाळगलाय असंच धरून चालतात. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडला त्याची. ‘साहेब, मला वाटलं झाडाची मुळी आहे’ एवढं म्हणून सुटका होईलच, या भरवशावर राहू नका. सरकारी नोकरीसाठी मुळी मागवायची आणि पोलीस पडताळणीत आपल्याच नावावर गुन्हा निघायचा, यापेक्षा वाईट थट्टा कुठली?

म्हणजे या सगळ्या धंद्याचं मर्म त्या खोट्या नावात आहे. ‘घोरपडीचा अवयव’ असं लिहिलं तर कोण घेईल? ‘मुळी’ लिहिलं की घेणाऱ्याला अपराधी वाटत नाही आणि वेबसाइटला संशय येत नाही. ‘इंद्रजाल’चंही तसंच. नजर लागू नये म्हणून फ्रेम करून भिंतीवर लावतात ती ‘समुद्रातली वनस्पती’ खरं तर काळं प्रवाळ किंवा समुद्रपंखा असतो. तो प्राणीच आहे आणि तोही संरक्षित आहे.

अमेरिकेत १९०० सालापासून लेसी कायदा आहे. २००८ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून झाडं आणि लाकूडही त्यात घेतलं. प्राण्याच्या किंवा वनस्पतीच्या मालावर खोटं नाव लावणं हाच तिथे गुन्हा आहे. आपल्याकडे फसव्या जाहिरातीसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, शिकार आणि विक्रीसाठी वन्यजीव कायदा आहे. पण ग्राहक फसला ही एक तक्रार आणि घोरपड मेली ही दुसरी, अशी दोन वेगळी दारं. मधल्या मध्ये लेबल लिहिणारा निसटतो.

लेबलची किंमत परभणीकरांना कुणी शिकवायला नको. बियाणं कायदा, १९६६ नुसार पिशवीवर वाणाचं नाव, उगवणशक्ती, शुद्धता हे सगळं लिहावं लागतं. सोयाबीनची उगवणशक्ती किमान ७० टक्के हवी, हे शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला पाठ असतं. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही, तेव्हा शेतकरी तीच पिशवी दाखवून जाब विचारू शकले आणि प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. मग हजारो रुपयांची ‘जंगली मुळी’ विकणाऱ्याला झाडाचं शास्त्रीय नाव आणि माल कुठून आणला हे लिहायची सक्ती का नको? विक्रेत्याला ते सांगता येत नसेल, तर ऑनलाइन दुकानानं त्याचा माल ठेवूच नये. आणि खोटं नाव लिहिलं, तर त्या लिहिण्याचीच वेगळी शिक्षा असावी.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल, आपण आज काय करायचं? अशी जाहिरात दिसली तर गंमत म्हणूनही शेअर करू नका, त्यानं विक्रेत्याचीच प्रसिद्धी होते. स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५. दोन्हीकडे कळवा. घरात आधीच कुणी असं काही आणून ठेवलं असेल, तर ते पुढे कुणाला विकू किंवा देऊ नका, वनविभागाशी बोला. वनस्पतिशास्त्र किंवा कृषीला असाल, तर विक्रेत्याला कमेंटमध्ये एवढंच विचारा : या झाडाचं शास्त्रीय नाव काय?

उत्तर येणार नाही. पण ती कमेंट वाचून एखाद्यानं जरी ऑर्डर रद्द केली, तरी पुष्कळ झालं.