समुपदेशक कुणाच्या बाजूचा?

विवाह व कुटुंब समुपदेशकाच्या खोलीत कधी दोन माणसे बसलेली असतात, कधी चार. उपचाराचा विषय मात्र एकच असतो, त्यांच्यातले नाते. कोण बोलू लागले की कोण गप्प होते, कोण रडले की कोण उठून जाते, कोणते निर्णय कुणाला न विचारता होतात, याकडे समुपदेशकाचे लक्ष असते. दोषी कोण हे ठरवण्याची त्याला घाई नसते. या व्यवसायाची सारी ताकद या भूमिकेत आहे आणि त्याच्यावरचे बहुतेक आक्षेपही तिच्यातूनच निघतात.

ही भूमिका हवेतून आलेली नाही. फ्रॉइडच्या परंपरेत रुग्णाला एकट्याला भेटायचे आणि नातेवाइकांना दूर ठेवायचे, असा दंडक होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या काही मनोविकारतज्ज्ञांनी तो मोडला. मरे बोवेन यांनी १९५४ ते १९५९ या काळात बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर आधी त्यांच्या आईला आणि पुढे अख्ख्या कुटुंबाला वॉर्डात राहायला बोलावले. कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथे ग्रेगरी बेटसन, डॉन जॅक्सन आणि त्यांचे सहकारी घरातल्या संवादाचा अभ्यास करत होते. तिथेच काम केलेल्या व्हर्जिनिया सटीर यांचे कुटुंबाला एकत्र बसवून करायच्या उपचारांवरचे पुस्तक १९६४मध्ये आले. अर्जेंटिनात जन्मलेले साल्वादोर मिनुशिन न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील मुलांच्या घरांसोबत काम करत होते. एकट्या मुलाला समजावून घरी पाठवले की तो पुन्हा त्याच गोतावळ्यात, त्याच जागी जाऊन बसतो, हे या साऱ्यांना दिसले होते.

पहिला आक्षेप आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो. नवराबायकोचे भांडण घरातच मिटावे, त्यासाठी मामा, काका, आत्या आहेत, परक्याला पैसे देऊन घरातले उणेदुणे कशाला सांगायचे? आक्षेपात तथ्य आहे. वडीलधाऱ्या माणसाला घराचा इतिहास ठाऊक असतो, रात्री बारा वाजता त्याला हाक मारता येते, आणि समुपदेशकाकडे असतो आठवड्यातला एखादा तास. पण वडीलधाऱ्यांच्या बैठकीत प्रत्यक्ष काय होते तेही पाहायला हवे. मुलीकडचे चार, मुलाकडचे चार जमतात, चहा होतो, जुन्या गोष्टी निघतात, शेवटी ‘दोघांनीही थोडं समजून घ्या’ असे ठरते आणि मुलगी बॅग भरून परत जाते. समजून घेण्याचा मोठा वाटा तिच्या पदरात पडतो, कारण बैठकीतल्या प्रत्येकाचे त्या घराच्या अब्रूत काहीतरी गुंतलेले असते. दोघांतला ताण असह्य झाला की ते तिसऱ्याला मध्ये ओढतात, हे बोवेन यांचे महत्त्वाचे निरीक्षण आहे. त्यांनी त्याला त्रिकोण म्हटले. मध्यस्थी करणारा काका त्या त्रिकोणाचा आधीच एक कोन असतो. समुपदेशकालाही ओढले जाणारच, पण ती ओढ ओळखण्याचे आणि दोघांच्याही जवळ राहून तिला बळी न पडण्याचे त्याचे शिक्षण झालेले असते.

घरच्या बैठकीचा हेतूही वेगळा असतो. तिला भांडण मिटवायचे असते. सिएटलमध्ये जॉन गॉटमन यांनी जोडप्यांचे संवाद प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे चित्रित करून अभ्यासले. जोडप्यांतले सुमारे दोन तृतीयांश मतभेद कायमचे राहणारे असतात, असे त्यांना आढळले. सुखी जोडप्यांतही ते असतातच. नाते पोखरते ते मतभेदातल्या वागण्याने: सतत दोष काढणे, तुच्छता दाखवणे, प्रत्येक बोलणे परतवून लावणे, भिंतीसारखे गप्प होणे. म्हणून पगार कुणाच्या खात्यात जावा, दिवाळी कुठे करावी, याचा निवाडा देऊन फारसे साधत नाही. तोच तंटा पुढच्या महिन्यात दुसऱ्या विषयावर उभा राहतो.

समुपदेशक काय करतो ते एका नेहमी आढळणाऱ्या प्रसंगावरून पाहता येईल. पहिल्या एक-दोन भेटींत तो कागदावर घराचा नकाशा काढतो. पुरुषांसाठी चौकोन, स्त्रियांसाठी वर्तुळ, तीन पिढ्या, कोण कधी गेले, कोण कुणाशी बोलत नाही. मग तक्रारी येतात. नवरा म्हणतो, ‘ही ऑफिसातून आली की सुरूच होते.’ बायको म्हणते, ‘हे ऐकतच नाहीत, मोबाइल घेऊन बसतात.’ दोघेही खरे बोलत असतात. ती बोलते म्हणून तो मोबाइलमध्ये डोके घालतो आणि तो मोबाइलमध्ये डोके घालतो म्हणून तिचा आवाज चढतो. कुठून सुरुवात झाली यावर ते दोघे रात्रभर वाद घालू शकतील. समुपदेशक बारा वर्षांच्या मुलीकडे वळतो: ‘आईबाबांचं बोलणं बंद झालं की आजी कुणाशी बोलते?’ मुलगी म्हणते, ‘माझ्याशी. बाबांना सांग जेवण वाढलंय, आईला विचार डबा हवा का.’ एका प्रश्नात घराची रचना उघडी पडते: दोन मोठ्या माणसांचे तुटलेले बोलणे एक लहान मूल आपल्या खांद्यावर वाहत आहे. अशा प्रश्नांची पद्धत इटलीत मिलान येथे मारा सेल्विनी पालाझोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. पुढची पायरी मिनुशिन यांची. नवऱ्याला खुर्ची बायकोकडे वळवायला सांगायची, आणि जे तो आईला किंवा मुलीला सांगतो ते तिलाच, तिथल्या तिथे सांगायला लावायचे. पहिल्या वेळी ते जमत नाही. तो दुसऱ्याच वाक्याला पुन्हा समुपदेशकाकडे पाहून बोलू लागतो आणि त्याला पुन्हा वळवावे लागते. कामाचा खरा घाम इथे गळतो.

दुसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो या व्यवसायाच्या आतूनच आला. दोघांचे वागणे एकमेकांना कारण ठरते असे म्हटले, की मार खाणारी आणि मारणारा एकाच पातळीवर येतात. १९७८मध्ये रेचेल हेअर-मस्टिन यांनी स्त्रीवादी दृष्टीने कुटुंबोपचारांची चिकित्सा केली. घरातली सत्ता समान नसताना तटस्थ राहणे म्हणजे आहे ती व्यवस्था चालू ठेवणे, हा त्या टीकेचा गाभा आहे. तो मान्य करावाच लागतो. सुरुवातीच्या सिद्धांतांनी मुलाच्या आजाराचे खापर आईवर फोडले होते, आणि त्या आयांनी ते आयुष्यभर वागवले. ही चूक शास्त्राच्या नावाखाली झाली, म्हणून अधिक गंभीर.

पण या टीकेने भूमिका मोडत नाही, तिची सीमा आखली जाते. हंगेरीत जन्मलेले इव्हान बोसोर्मेनी-नाज यांनी अलिप्ततेऐवजी प्रत्येकाची बाजू आळीपाळीने घेण्याचा मार्ग सांगितला. जो खोलीत नाही, त्याचीही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे म्हणणे आधी पुरते ऐकायचे, आणि ज्याने केला त्याला त्याच्या जबाबदारीपासून पळू द्यायचे नाही. हिंसा मात्र या आळीपाळीच्या बाहेर आहे. चांगला समुपदेशक म्हणूनच दोघांना सुरुवातीला एकेकटे भेटतो आणि मारहाण, धाक, पैशांची कोंडी यांबद्दल थेट विचारतो. भीती असेल तर जोडीने बसवणे थांबवतो, कारण तिथे खरे बोललेल्या बाईला घरी जाऊन त्याची किंमत मोजावी लागते. आपल्या कायद्याने हे तत्त्व स्पष्ट शब्दांत घेतले आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५चा. त्याखालील २००६च्या नियमांनुसार समुपदेशनात प्रतिवादीला हिंसेचे समर्थन मांडता येत नाही, आणि हे त्याला काम सुरू होण्यापूर्वीच सांगावे लागते. ‘तिनेच तोंड उघडलं म्हणून’ हे वाक्य त्या टेबलावर चालत नाही. मुंबईत १९८४पासून पोलिसांच्या आवारात चालत आलेल्या, टाटा समाजविज्ञान संस्थेने उभारलेल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षाचा पायाही हाच, की बाईची सुरक्षितता आधी.

तिसरा आक्षेप दोन तोंडांनी बोलतो. कुणी म्हणते समुपदेशक घरे मोडतात, कुणी म्हणते काहीही करून संसार रेटायला लावतात. दुसऱ्या तक्रारीचे मूळ बहुधा न्यायालयात आहे. कुटुंब न्यायालय कायदा १९८४चा. पुणे आणि मुंबई येथे अशी न्यायालये १९८९मध्ये सुरू झाली. कायद्याच्या नवव्या कलमाने तडजोडीसाठी प्रयत्न करणे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले आहे. पण प्रकरणाचे स्वरूप आणि परिस्थिती यांना धरून, अशी अटही तिथेच आहे. मुलांचा ताबा, भेटीचे दिवस, पोटगी यांवर भांडण न करता वेगळे होणे हीसुद्धा तडजोडच. शिवाय न्यायालयातल्या समुपदेशकापुढे तारखा असतात, प्रकरणांचा ढीग असतो. त्याच्या कामावरून साऱ्या व्यवसायाचे माप काढणे दोघांवरही अन्याय आहे.

परिणामांचे म्हणावे तर पुरावा भाबडा नाही आणि निराश करणाराही नाही. अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांनी अमेरिकेत १३४ अत्यंत त्रस्त जोडप्यांवर समुपदेशनाच्या दोन पद्धतींचा अभ्यास सुरू केला. प्रत्येक जोडप्याला जास्तीत जास्त २६ बैठका होत्या. पाच वर्षांनंतर जवळपास निम्म्या जोडप्यांत ठळक सुधारणा टिकून होती आणि सुमारे एक चतुर्थांश जोडपी विभक्त झाली होती. एवढा गाळात रुतलेला संसार असताना निम्म्यांना पाच वर्षे टिकणारा आधार मिळणे ही मोठी गोष्ट आहे. लग्न टिकवायचे की नाही हा निर्णय जोडप्याचा. तो संतापाच्या भरात किंवा थकव्यातून न घेता समजून घेतला जावा, एवढी समुपदेशकाची जबाबदारी.

हे सारे पाश्चात्त्य, व्यक्तिवादी, आपल्या एकत्र कुटुंबाला न मानवणारे, असा चौथा आक्षेप इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून राहायला दिले आणि उपचारात सामील करून घेतले. बेथेस्डाच्या वॉर्डाचा आणि या तंबूंचा काळ जवळपास एकच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्येही रुग्णाजवळ घरच्यांनी राहण्याची पद्धत रुजली. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये कुटुंबांसाठी स्वतंत्र विभाग आहे. आक्षेपाचा एवढाच भाग घ्यावा, की बोवेन यांची नात्यात राहूनही स्वत्व राखण्याची कल्पना अर्धवट वाचून ‘वेगळं घर घ्या’ एवढाच सल्ला देणारेही आहेत. सासू, सून आणि मुलगा यांच्यात कोणता निर्णय कुणाचा, हे ठरवणे एकाच छपराखाली शक्य असते, आणि मुंबई-पुण्यातल्या घरभाड्यांचा विचार करता अनेकांना तेवढेच शक्य असते.

कसब नसलेल्या हाती हे काम घातक ठरते, ही तक्रार मात्र पूर्ण खरी आहे. कॅलिफोर्नियाने १९६३मध्येच या व्यवसायाला परवाना लागू केला. भारतात मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी असते, पण विवाह समुपदेशकाचा असा वेगळा परवाना नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो. बोवेन यांनी १९६७मध्ये एका परिषदेत सिद्धांत बाजूला ठेवून स्वतःच्या घरातल्या त्रिकोणांवर केलेले काम मांडले. तेव्हापासून त्यांच्या परंपरेत समुपदेशकाने आधी आपल्या कुटुंबाचा नकाशा काढणे हा शिक्षणाचाच भाग झाला. ज्याला स्वतःच्या आईपुढे अजून बोलता येत नाही, तो दुसऱ्याच्या सासूपुढे नकळत कुणाची तरी वकिली करू लागतो. त्यामुळे पहिल्या भेटीत जोडप्याने काही गोष्टी विचारणे हा उद्धटपणा नाही. शिक्षण कुठे झाले, कामावर ज्येष्ठांची देखरेख आहे का, एकाने एकांतात सांगितलेले गुपित दुसऱ्यापासून लपवले जाईल का, आणि घरात हात उगारला जात असेल तर तुम्ही काय कराल? शेवटच्या प्रश्नाला ‘दोघांचंही ऐकून घेऊ’ एवढेच उत्तर मिळाले, तर दुसरा समुपदेशक शोधावा.