पडलेल्या विमानाची प्रतिकृति

शाळेच्या प्रदर्शनांत विमानांच्या प्रतिकृतींचें टेबल म्हणजे मुलांच्या गर्दीचें हमखास ठिकाण. पुठ्ठ्याचीं, बाल्सा लांकडाचीं, किंवा बाजारांत मिळणाऱ्या सुट्या भागांच्या संचांतून जोडलेलीं हीं विमानें पाहिलीं, म्हणजे एक गोष्ट आमच्या ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं. तीं बहुतेक सर्व जिंकलेलीं विमानें असतात. जें विमान परत आलें नाहीं, तें सहसा कोणी करीत नाहीं. आणि केलेंच, तर त्याला कापसाचा धूर व लाल कागदाच्या ज्वाला चिकटविल्याशिवाय करणाऱ्यास चैन पडत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, विद्यार्थ्यानें एक तरी पडलेलें विमान करावें, आणि शेवटच्या उड्डाणापूर्वीं तें जमिनीवर जसें उभें होतें तसें करावें.

आमच्या डोळ्यांपुढें एक विमान आहे. एस्. ई. ५-ए या जातीचें तें ब्रिटिश लढाऊ विमान. परंतु त्याचा वैमानिक आपल्या देशाचा होता. इंद्रलाल रॉय यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजीं कलकत्त्यास झाला, शिक्षण लंडनच्या सेंट पॉल शाळेंत झालें, आणि १९१७ सालीं ते ब्रिटिशांच्या विमानदलांत दाखल झाले. त्याच वर्षीं ६ डिसेंबर रोजीं त्यांचें विमान कोसळून ते जखमी झाले. दुखणें बरें होईपर्यंतच्या सक्तीच्या विश्रांतींत या तरुणानें काय करावें? त्यानें विमानांचीं चित्रें काढलीं. त्यांपैकीं पुष्कळ चित्रें आजही उपलब्ध आहेत. पुढें १९१८ च्या जूनमध्यें ते ४० व्या स्क्वॉड्रनमध्यें आले. जुलैच्या अवघ्या १३ दिवसांत त्यांच्या नांवावर दहा हवाई विजय नोंदले गेले, त्यांतले दोन सहकाऱ्यांच्या साहाय्यानें मिळविलेले. आणि २२ जुलै रोजीं फ्रान्समधील कार्विन गांवावर जर्मन फोकर विमानांशीं झालेल्या झुंजींत ते पडले. वय १९ वर्षें व साडेसात महिने. ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हें पदक त्यांस मरणोत्तर मिळालें. भारतीय विमानदलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुकर्जी हे त्यांचेच भाचे.

आतां प्रतिकृतीकडे वळूं. बहात्तराव्या हिश्शाचें प्रमाण घेतलें, म्हणजे सहा फूट उंचीचा माणूस एक इंचाचा होतो. हिशेबाला हें सोपें. मूळ विमानाच्या पंखांची लांबी टोंकापासून टोंकापर्यंत २६ फूट ७ इंच, तेव्हां आपलें विमान साडेचार इंचांहून किंचित् कमी भरेल. तळहातावर मावेल एवढी ही वस्तु. पण तिच्याशीं महिनाभर झटतां झटतां मुलाला जें कळतें, तें इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत सांपडत नाहीं. वरच्या व खालच्या पंखांमधील तारा या प्रमाणांत केंसाएवढ्या बारीक होतात. त्या एकेक करून ताणून बसवितांना, लांकडी सांगाडा, त्यावर ताणलेलें कापड आणि कापडावरचें रोगण एवढ्याच आधारावर माणूस आकाशांत कसा गेला, हें डोळ्यांआधीं बोटांना समजतें. या जातीच्या अगदीं पहिल्या विमानांपैकीं एकाचे पंख १९१७ च्या जानेवारींत हवेंतच मोडले, आणि फ्रँक गुडन या मुख्य चांचणी-वैमानिकाचा त्यांत अंत झाला. त्यानंतर पंखांची बांधणी मजबूत करण्यांत आली.

मग बैठक करावयाची पाळी येते. बैठकीच्या पुढें आणि एंजिनाच्या मागें पेट्रोलची मुख्य टांकी. एंजिन, पेट्रोल आणि माणूस, अशी ही ओळ. डोक्याच्या वर, वरच्या पंखावर, ल्युइस बंदूक. तिच्या चक्रांतील ९७ गोळ्या संपल्या म्हणजे ती वांकड्या रुळावरून खालीं ओढावयाची, वाऱ्याच्या झोतांत जड चक्र बदलावयाचें, आणि तेवढा वेळ विमानही सांभाळावयाचें. हें सर्व बसवून झाल्यावर चौकस विद्यार्थी विचारील, कीं हवाई छत्री कोठें ठेवूं? ती कोठेंच ठेवावयाची नाहीं. १९१८ सालीं ब्रिटिश लढाऊ वैमानिकांस हवाई छत्री दिली जात नसे. जर्मन वैमानिकांस मात्र त्याच वर्षीं ती मिळूं लागली होती. बैठकीमागील ती रिकामी जागा आम्हांस सबंध प्रतिकृतींत सर्वांत महत्त्वाची वाटते.

रंगाविषयीं थोडेंच सांगतों. वरून मळकट हिरवट-तपकिरी, खालून कापडाचा मूळचा फिकट रंग, एवढेंच. चकचकीत दिसतें म्हणून चंदेरी रोगण फांसूं नये, आणि दहा विजयांचीं दहा चिन्हें स्वतःच्या कल्पनेनें रंगवूं नयेत. जेथें छायाचित्राचा किंवा लेखी नोंदीचा आधार नाहीं, तेथें पृष्ठभाग साधा ठेवावा. स्पर्धेंत त्याचा एखादा गुण गेला तर जाऊं द्यावा.

प्रतिकृतीखालीं जी चिठ्ठी लावावयाची, तीत वैमानिकाचें नांव, वय, दिवस व ठिकाण असावें. आमच्या मतें आणखीही एक ओळ असावी. दहा विजय म्हणजे ज्या विमानांवर मात केली तीं दहा विमानें. त्यांत दोघांनीं बसावयाचीं विमानेंही होतीं, आणि त्यांतील माणसांना घरीं वाट पाहणारीं माणसें होतीं. ज्या कॅप्टन मॅकेलरॉय यांच्या हाताखालीं रॉय लढले, तेही ३१ जुलै रोजीं, म्हणजे नवव्या दिवशीं, पडले. हें लिहिलें म्हणजे रॉय यांचें शौर्य उणें होतें, असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं.

पालकांचे दोन आक्षेप आम्ही वारंवार ऐकतों. पहिला, हा पोरखेळ असून अभ्यासाचा वेळ खातो. १९४२ सालीं अमेरिकेच्या आरमारानें तेथील हायस्कुलांतील विद्यार्थ्यांकडे विमानांच्या पांच लाख प्रतिकृती मागितल्या होत्या, त्याही याच बहात्तराव्या हिश्शाच्या. स्वकीय व शत्रूचें विमान आकारावरून ओळखण्याचें शिक्षण त्यांवर देण्यांत येई. त्या कामांत चूक झाली असती तर आपल्याच विमानावर गोळी सुटण्याचा धोका होता, तेव्हां पोरखेळ म्हणून तें कोणी हिणविलें नसावें. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रॉय परकीय साम्राज्याच्या सैन्यांत लढले, मग त्यांचें कौतुक आपण कां करावें? त्या महायुद्धांत दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले. त्यांना कोणी व कशासाठीं पाठविलें, हा प्रश्न मुलांनीं अवश्य विचारावा. पण त्यांचीं नांवेंच न घेतल्यानें त्याचें उत्तर कसें मिळणार? घरांतल्या टेबलावर तें छोटें विमान उभें असेल, तर जेवतांना कधीं तरी तो प्रश्न निघेलच.

एक विमान पुरें झालें, म्हणजे दुसऱ्याचा विचार येतो. एस्. ई. ५-ए च्या रचनाकारांत हेन्री फॉलंड हे एक होते. पुढें त्यांच्या नांवानें निघालेल्या कारखान्यांत ‘नॅट’ हें चिमुकलें जेट विमान जन्मास आलें, आणि तसल्याच विमानांतून १४ डिसेंबर १९७१ रोजीं श्रीनगरचें रक्षण करतांना निर्मलजित सिंग सेखों पडले. विमानदलांतील परमवीरचक्राचे ते आजवरचे एकमेव मानकरी. या दोन प्रतिकृती शेजारीं शेजारीं ठेवल्या तर शोभतील.

आणि ज्यास अधिक अवघड काम हवें असेल, त्यानें मुंबईचे लेफ्टनंट वेलिणकर यांचें विमान घ्यावें. तेही १९१८ च्या जूनअखेरीस फ्रान्समध्येंच पडले, रॉय यांच्या महिनाभर आधीं. पण महाराष्ट्रांतील किती घरांत त्यांचें नांव ठाऊक आहे? त्यांचें विमान सॉपविथ डॉल्फिन जातीचें. त्याचा वरचा पंख खालच्या पंखाहून मागें सरकलेला असतो, आणि मधल्या उघड्या चौकटींतून वैमानिकाचें डोकें पंखाच्याही वर येतें. उतरतांना विमान उलटलें, तर पहिला आघात कशावर होईल, हें ती चौकट चिकटवितांना करणाऱ्यास कोणी सांगावें लागणार नाहीं.