एडिट केल्यावर आकाशात पट्टे का येतात?
कल्याणला दुर्गाडीजवळ खाडीकाठी मी फोनवर मावळतीचा फोटो काढला. कॉन्ट्रास्ट वाढवला आणि गुळगुळीत आकाशात पट्टे उमटले. हिस्टोग्राम उघडून बघितला, तर तो कंगव्यासारखा झालेला.

हा सगळा बिट डेप्थचा खेळ आहे. साधी जेपीईजी 8 बिटची असते, म्हणजे प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या. समजा, आकाश त्यातल्या 40 पायऱ्यांत बसलंय. ते 120 पायऱ्यांवर ताणलं तरी भरलेल्या 40च राहतात. उरलेल्या 80 म्हणजे कंगव्यातल्या फटी. 10 बिटमध्ये पायऱ्या 1024, म्हणून त्याच आकाशाला 160 मिळतात आणि फटी पडत नाहीत.

2023 मध्ये अँड्रॉइड 14 सोबत अल्ट्रा एचडीआर आलं. त्यातही मूळ फोटो 8 बिट जेपीईजीच. जास्तीच्या उजेडाची माहिती वेगळी जोडलेली असते. त्यामुळे स्क्रीनवर फोटो चमकला म्हणजे एडिटिंगला जास्त पायऱ्या मिळाल्या, असं समजू नका. 8 बिटची फाइल नंतर 16 बिटमध्ये सेव्ह केली तरी हरवलेल्या पायऱ्या परत येत नाहीत.

म्हणून ठाण्याच्या मासुंदा तलावावरची संध्याकाळ एडिट करायचीच असेल, तर फोटो काढण्याआधी रॉ मोड चालू करा. फाइल मोठी होईल, पण आकाश शाबूत राहील. जेपीईजी करायची ती सगळ्यात शेवटी, शेअर करताना.