पाहुण्यांचा कोपरा

फुटबॉलमध्ये सगळ्यात आखूड मिनिटं कुणाच्या वाट्याला येतात, हे स्पेनमधल्या लीगच्या आकड्यांवरून कळतं. अर्थशास्त्रज्ञ लुइस गारिकानो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. नव्वदच्या दशकातले सामने घेऊन त्यांनी एकच गोष्ट तपासली: नव्वद मिनिटं संपल्यावर रेफरी भरपाईचा वेळ किती देतो. यजमान संघ एका गोलाने मागे असला की हा वेळ वाढतो, एका गोलाने पुढे असला की घटतो, आणि या दोहोंतला फरक जवळपास दुपटीचा. गोलांचं अंतर मोठं असेल तर हा पक्षपात दिसत नाही, कारण तेव्हा दोन मिनिटं इकडे-तिकडे झाल्याने कुणाचं काही अडत नाही. थोडक्यात, परक्या मैदानावर ०-१ ने मागे पडलेल्या संघाला बरोबरीसाठी वेळाची सर्वाधिक गरज असते, आणि नेमका त्यालाच तो सर्वात कमी मिळतो. रेफरी विकले गेलेले नसतात. हजारो माणसं एकाच वेळी ‘संपव आता’ म्हणून ओरडत असताना हातातल्या घड्याळाकडे तटस्थपणे पाहणं माणसाला जड जातं, एवढंच.

त्या हजारोंच्या समोर, गोलपोस्टमागच्या एखाद्या कोपऱ्यात, उलट ओरडणारी थोडी माणसं असतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा नियम असा की पाहुण्या संघाच्या चाहत्यांना तीन हजार जागा द्यायच्या, आणि मैदान लहान असेल तर क्षमतेच्या दहा टक्के. साठ-सत्तर हजारांच्या गर्दीत तीन हजार म्हणजे चिमूटभर. तरीही माझं म्हणणं असं आहे की ही चिमूट सामन्याचाच भाग आहे. खेळ बरोबरीचा राहावा म्हणून रेफरी, साइड बदलणं, नाणेफेक अशी जी व्यवस्था आपण मानतो, तिच्यात पाहुण्या चाहत्यालाही बसवलं पाहिजे. त्याचं तिकीट किती, त्याला गाडी मिळते का, पोलीस त्याच्याशी कसे वागतात, हे प्रश्न मग ग्राहकसेवेचे उरत नाहीत, खेळाच्या न्यायाचे होतात. यात भाबडेपणा वाटेल, म्हणून आधी पुरावा पाहू.

आवाजाचा परिणाम प्रयोगाने दाखवला गेला आहे. नेव्हिल, बामर आणि विल्यम्स या ब्रिटिश संशोधकांनी २००२ मध्ये चाळीस प्रशिक्षित रेफरींना लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातल्या टॅकलची चित्रफीत दाखवली. काहींना गर्दीच्या आवाजासकट, काहींना मुकी. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे पंधरा टक्के कमी फाउल दिले. पुढे कोविडने हाच प्रयोग अख्ख्या खंडावर करून दाखवला. मे २०२० मध्ये जर्मनीची बुंडेसलीगा रिकाम्या मैदानांवर सुरू झाली, तेव्हा यजमानांच्या विजयाचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वरून सुमारे एक तृतीयांशावर आलं. प्रीमियर लीगच्या २०२०-२१ च्या हंगामात, जो बहुतेक रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळला गेला, पाहुण्या संघांनी १५३ सामने जिंकले आणि यजमानांनी १४४. इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत असं आधी कधीच घडलं नव्हतं.

चाणाक्ष वाचक इथे अडवेल: रिकाम्या मैदानात पाहुणे चाहतेही नव्हतेच, मग त्यांच्या उपयोगाचा पुरावा कुठे आहे? आक्षेप बरोबर आहे. त्या आकड्यांनी यजमानांच्या गर्दीचं वजन सिद्ध होतं, पाहुण्यांचं नाही. त्यासाठी थॉमस डोमन या जर्मन अर्थशास्त्रज्ञाकडे जावं लागतं. बुंडेसलीगाचे बारा हंगाम तपासून त्याने दाखवलं की रेफरीचा कल किती आणि कोणत्या बाजूला झुकतो, हे गर्दीत कोणाचे चाहते किती यावरही अवलंबून असतं. गर्दी मैदानाच्या किती जवळ बसते, याचाही संबंध त्याला आढळला. म्हणजे पारडं हलतं, फक्त दुसऱ्या बाजूला वजन टाकायला माणसं यावी लागतात.

दुसरा आक्षेप काळाचा. हे सगळं जुनं झालं, आता व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारा सहायक रेफरी, आहे, खिडकी नसलेल्या खोलीतून पडद्यावर पाहणाऱ्या माणसाला गोंगाट ऐकू येत नाही. शिवाय घरच्या मैदानाचा फायदा ओसरतो आहे. जून २०२१ मध्ये युरोपीय फुटबॉल संघटना यूएफाने परक्या मैदानावरच्या गोलाला जादा किंमत देणारा, १९६५ पासूनचा नियम रद्द केला, तेव्हा तिने हेच आकडे दिले: सत्तरच्या दशकाच्या मध्यात यजमान ६१ टक्के आणि पाहुणे १९ टक्के सामने जिंकत, ते तोवर ४७ आणि ३० वर आलं होतं. यातलं बरंच मला मान्य आहे. पण ४७ आणि ३० ही काही बरोबरी नव्हे. आणि व्हीएआर गोल, पेनल्टी, लाल कार्ड अशा मोजक्या प्रसंगांपुरता असतो. मधल्या रेषेजवळचा धक्का, संथपणे घेतलेला थ्रो-इन, पहिलं पिवळं कार्ड, हे अजून शिट्टी तोंडात असलेल्या माणसाच्या कानांवर सोडलेलं आहे. एका गोलाचा सामना बहुधा अशाच किरकोळ निर्णयांनी कलतो.

सर्वात जोरदार आक्षेप सुरक्षेचा, आणि तो घेणारे सहसा अधिकारपदावर असतात. पाहुणे आले की मारामाऱ्या होतात, तेव्हा त्यांना येऊच देऊ नका. अर्जेंटिनाने हे करून पाहिलं. २०१३ पासून तिथे लीगच्या सामन्यांत पाहुण्या चाहत्यांवर बंदी आली (नंतर ती मधूनमधून सैल केली गेली). २०१८ मध्ये कोपा लिबर्टादोरेस या दक्षिण अमेरिकी क्लब स्पर्धेच्या अंतिम फेरीत ब्युनोस आयर्सचे दोन हाडवैरी, रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनिअर्स, समोरासमोर आले. दोन्ही लढतींना फक्त यजमानांचे चाहते, असं ठरलं. रिव्हरच्या मैदानाकडे जाणाऱ्या बोकाच्या बसवर दगड पडले, खेळाडू जखमी झाले, सामना होऊच शकला नाही. अखेर तो ९ डिसेंबरला माद्रिदच्या बेर्नाबेऊ मैदानावर झाला, आणि तिथे दोन्ही संघांचे चाहते एका छपराखाली बसले. रिव्हरने तो ३-१ जिंकला. यातून माद्रिदचे पोलीस थोर ठरत नाहीत; पण बंदीने हिंसा थांबते, हे गृहीतक मात्र उघडं पडतं.

उलट, दुरून आलेल्या माणसाकडे आधीच गुन्हेगार म्हणून पाहिलं की काय होतं, हे लिव्हरपूलच्या चाहत्यांना दोनदा भोगावं लागलं आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर, एफए कपच्या उपांत्य सामन्यात, जाळ्यांनी बंद केलेल्या कप्प्यांत ९७ माणसं चेंगरून गेली. दोष चाहत्यांच्या माथी मारला गेला. त्यांच्या वागण्याचा त्यात वाटा नव्हता, हे चौकशी ज्युरीने सांगितलं २०१६ मध्ये, सत्तावीस वर्षांनी. मग मे २०२२, पॅरिसजवळचं स्टाद दे फ्रान्स, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. प्रवेशद्वारांवर कोंडी, अश्रुधूर, सामना अर्ध्या तासाहून अधिक उशिरा, आणि मैदानातल्या फलकावर कारण काय? चाहते उशिरा आले. फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी बनावट तिकिटांचा ढीग त्यांच्या नावावर टाकला. यूएफानेच नेमलेल्या स्वतंत्र समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुख्य जबाबदारी यूएफावर ठेवली. त्या रात्री रेआल माद्रिदचा गोलरक्षक कुर्त्वा याने नऊ फटके अडवले आणि व्हिनिसिअसच्या एकमेव गोलावर लिव्हरपूल हरलं. ०-१ हा निकाल खेळाचा होता, त्याबद्दल तक्रार नाही. फाटकाबाहेर जे घडलं ते खेळाचं नव्हतं.

पैशाचा मुद्दा त्यामानाने सरळ आहे. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलने पाहुण्यांच्या तिकिटाला ६२ पौंड लावले, तेव्हा मँचेस्टर सिटीला वाट्यातली ९१२ तिकिटं परत पाठवावी लागली. चाहत्यांच्या संघटनांनी रेटा लावला आणि २०१६-१७ पासून पाहुण्यांचं तिकीट ३० पौंडांच्या वर जाणार नाही, असं लीगला मान्य करावं लागलं. क्लब त्यामुळे बुडाले नाहीत.

राहतो टीव्हीचा सल्ला: हरायचंच आहे तर घरी बसून पाहा. पुण्या-मुंबईतले आर्सेनल-लिव्हरपूलवाले मध्यरात्री दुसरं काय करतात? त्यांचं प्रेम खोटं नाही, पण त्यांचा आवाज रेफरीपर्यंत पोहोचत नाही. कोल्हापूरकरांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ भिडतात तेव्हा शाहू स्टेडियम दोघांचंही घर असतं, दोन्ही पेठा गळा फाडून हजर असतात, आणि पंचावर दोन्हीकडून सारखाच दाब येतो. (पंचाला ते सुखाचं वाटत असेल असं नाही.) इंडियन सुपर लीगमध्ये बहुतेक सामन्यांना ती सोय नाही. मुंबईहून मडगावला फातोर्ड्याच्या मैदानावर जायला कोकण रेल्वेची एक रात्र पुरते. गुवाहाटीच्या चाहत्याने कोचीला जायचं म्हटलं तर आठवड्याची रजाच टाकावी लागेल.

आणि टीव्हीवाल्यांनाही रिकामं मैदान चालत नाही. २०२० मध्ये स्टेडियम ओस पडली, तेव्हा प्रक्षेपणात व्हिडिओ गेममधला गर्दीचा आवाज मिसळला गेला, कारण त्याशिवाय माल खपेना. तरी सामन्याची वेळ ठरवताना याच वाहिन्यांचं ऐकलं जातं, आणि रात्री उशिरा संपलेल्या सामन्यानंतर तीन हजार माणसांनी परत कसं जायचं, हा प्रश्न वेळापत्रक करणाऱ्यांच्या टेबलावर येतच नाही. तिकिटाला मर्यादा घालता आली, तशी वेळेलाही घालता येईल: पाहुण्यांच्या गावाकडे जाणारी शेवटची गाडी सुटण्याआधी जो सामना संपत नाही, तो त्या दिवशी ठेवायचा नाही.